सुपरझूम लेन्स : प्रवास व माहितीपटासाठी

विस्तृत दृश्यापासून दूरच्या चेहऱ्याच्या क्लोज-अपपर्यंतचा सारा पल्ला एकट्याने सांभाळणारी झूम लेन्स. सर्वांत मोठ्या फोकल लेंथला सर्वांत लहान फोकल लेंथने भागले की झूमचे प्रमाण मिळते. नेहमीच्या २४–७० मिमी. लेन्सचे ते सुमारे तिप्पट असते; सुपरझूमचे सातपटीपासून वीसपटीपुढेही जाते.

इतिहास : चित्रपटात ही वाट रुंद केली ती फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीच्या १२–१२० मिमी. लेन्सने. १६ मिमी. फिल्मसाठीची ही दहापट झूम १९६०च्या दशकात माहितीपटकारांच्या हातातल्या कॅमेऱ्यांवर चढली. दहापट झूमच्या विकासासाठी पिएर आंजेन्यू यांना १९६४ सालचा ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. छायाचित्रणात टॅमरॉनच्या २८–२०० मिमी. (१९९२) या आटोपशीर लेन्सने सुपरझूम सर्वसामान्यांपर्यंत नेली. याच कंपनीची १८–४०० मिमी. (२०१७) लेन्स २२.२ पट झूम देते.

उपयोग : माहितीपटात घटना पुन्हा घडवून आणता येत नाही, लेन्स बदलताना गेलेला क्षण कायमचा जातो. जेजुरीला सोमवती अमावस्येची पालखी निघते तेव्हा पायऱ्यांवर उसळलेली गर्दी २४ मिमी.वर आणि भंडारा उधळणारी एकच मूठ २०० मिमी.वर, जागा न सोडता टिपता येते. अशा वेळी लेन्स काढली तर हळदीची पूड थेट सेन्सरवर बसते आणि पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये डाग उमटतो. मात्र झूम करताना सुपरझूमची नळीही पुढे सरकते. तिच्यावर बसलेली पूड ब्लोअरने उडवून, मऊ ब्रशने झाडून मगच ती आत घ्यावी. वजनाचाही फायदा मोठा आहे : निकॉनची २४–२०० मिमी. (२०२०) सुमारे ५७० ग्रॅमची आहे, तर २४–७० व ७०–२०० या एफ/२.८ लेन्सची जोडी दीड किलोच्या वर जाते. एकच लेन्स असल्याने उन्हातल्या चित्रीकरणाला एकच एनडी फिल्टर पुरतो.

मर्यादा व उपाय : बहुतेक सुपरझूमचे ॲपर्चर झूमबरोबर लहान होते. एफ/४ चे एफ/६.३ झाले की सेन्सरवर निम्म्याहूनही कमी प्रकाश पोहोचतो आणि चालू शॉट काळवंडतो. म्हणून ॲपर्चर सुरुवातीपासूनच एफ/६.३ वर पक्के करावे. मग संपूर्ण पल्ल्यात एक्सपोजर सारखे राहते. छायाचित्रणासाठी बनवलेल्या लेन्सचा फोकस झूम करताना सरकू शकतो, शिवाय हाताने फिरवलेल्या रिंगला झटके बसतात. त्यामुळे झूम दोन शॉटच्या मधे करावा, फोकस पुन्हा साधावा आणि मगच रेकॉर्डिंग सुरू करावे. लांबच्या टोकाला स्टॅबिलायझर असूनही हाताचा कंप जाणवतो. तिथे मोनोपॉड हवा. कडांची वक्रता कॅमेऱ्यात किंवा संकलनात बरीचशी सुधारता येते, पण अंधाराला तसा उतारा नाही. गाभारा, घरातली मुलाखत किंवा दिवेलागणीनंतरचे काम यांसाठी ३५ मिमी. एफ/१.८ सारखी छोटी प्राइम लेन्स सोबत ठेवावी.

निवड : एकट्याने, दिवसाउजेडी आणि घटनेच्या मागे धावत चित्रीकरण करणाऱ्यासाठी सुपरझूम ही पहिली लेन्स ठरते. प्रकाश आणि वेळ दोन्ही हाताशी असतील, तर वेगवेगळ्या लेन्स अधिक चांगली प्रतिमा देतात.