फलटणचं पाणी आणि हिरवा उजेड

नोकरीभर मी युरेनियम मोजलं, असं सांगितलं की फलटणमधली माणसं जरा मागे सरकतात. मग सांगावं लागतं, की बाबांनो, ते लिटरभर पाण्यातले मायक्रोग्रॅम असायचे.

युरेनियमचे क्षार अतिनील किरणांत पिवळट हिरवे चमकतात. 1852 मध्ये स्टोक्सनं या चमकेचा अभ्यास केला. 1896 मध्ये हेन्री बेकेरेल याच चमकेमागे लागला आणि त्याला किरणोत्सर्ग सापडला. गंमत म्हणजे त्या किरणांचा चमकेशी काहीच संबंध नव्हता. फसवी ठरलेली ही चमक पुढं आमच्या पोटापाण्याची झाली.

जुनी रीत अशी: नमुना आटवायचा, सोडियम फ्लोराइडबरोबर प्लॅटिनमच्या वाटीत वितळवायचा आणि गार झालेल्या वडीची चमक मोजायची. भट्टीचं तापमान थोडं बदललं तरी आकडा बदले. हात बसायला वेळ लागे, आणि हात बसलेल्या माणसाला प्रयोगशाळेत मान असे.

1978 च्या सुमारास कॅनडात लेझरचं यंत्र आलं. पुढं आपल्याकडं इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रातही नायट्रोजन लेझरवरचा फ्लुओरिमीटर तयार झाला. त्याची युक्ती मला फार आवडते. 337 नॅनोमीटरचा क्षणभराचा झोत पाण्यावर पडला की पाण्यातले सेंद्रिय पदार्थही चमकतात, पण नॅनोसेकंदांत विझतात. पायरोफॉस्फेट घातलेलं युरेनियम मात्र कित्येक मायक्रोसेकंद चमकत राहतं. यंत्र थोडं थांबतं आणि मगच मोजतं. भट्टी गेली, वड्या गेल्या.

पण खोड उरली. पाण्यातलं क्लोराइड, लोह, मँगनीज ही चमक दाबतात. नीरा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस झाला, पाठोपाठ रानं क्षारपड झाली. तिथल्या विहिरीचं खारं पाणी तसंच यंत्रात घातलं तर युरेनियम असलं तरी आकडा कमी दिसू शकतो. म्हणून नमुन्यातच माहीत असलेलं युरेनियम थेंबभर टाकून चमक किती वाढते ते पाहायचं आणि त्यावरून मूळ प्रमाण काढायचं. हे टाळून दिलेल्या आकड्याला माझ्या लेखी किंमत नाही, यंत्र कितीही महाग असो.

मर्यादाही बदलत गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 1998 मध्ये लिटरला 2 मायक्रोग्रॅम म्हटलं, 2004 मध्ये 15, 2011 मध्ये 30. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा 60 आणि भारतीय मानक ब्यूरोची 30. एकाच बाटलीतलं पाणी एका कागदावर नापास, दुसऱ्यावर पास!

आता गावकऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: आमच्या विहिरीत आहे का? आपला दगड बेसॉल्ट. त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी असतं. तपासायचंच असेल तर जरूर तपासा, पण त्याआधी नायट्रेट तपासा. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि उसाला टाकलेला युरिया विहिरीपर्यंत पोहोचायला लेझर लागत नाही.