लेखनाचे कारभारी

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत आज एक लेखनकेंद्र असते. विद्यार्थी आपला कच्चा खर्डा घेऊन तिथे जातो. समोरचा माणूस तो त्याच्याबरोबर वाचतो, आपण वाचताना कुठे अडखळलो ते सांगतो, दोन प्रश्न विचारतो आणि दुरुस्ती ज्याची त्याच्यावर सोपवतो. गुण देणे, शेरा मारणे हे त्याचे काम नव्हे. पर्ड्यू विद्यापीठात म्युरिअल हॅरिस यांनी १९७६ साली असे केंद्र उभे केले. स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये एका गाजलेल्या निबंधातून बजावले, की हातातला कागद सुधारून देणे हे या केंद्राचे काम नाही, लिहिणारा सुधारणे हे आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांत भाषाविभाग असतो, वाङ्मय मंडळ असते, भित्तिपत्रक असते, पण अशा केंद्राचा प्रमुख असे पद सहसा आढळत नाही. त्यामुळे ही कल्पना परदेशी थाटाची आणि आपल्याला न परवडणारी, असा समज होतो. या भागाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे काम इथे सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. ते विद्यापीठाबाहेर झाले एवढेच, आणि ज्यांच्या हाती मंजुरीचा शिक्का नव्हता त्यांच्याकडून ते अधिक चांगले झाले.

ते बाहेर का झाले, याचे कारण खुद्द विद्यापीठात आहे. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. सुरुवातीला तिथे देशी भाषांना थोडी जागा होती. १८६०च्या दशकात ती काढून घेण्यात आली आणि संस्कृतसारख्या अभिजात भाषांचा मान वाढला. परीक्षा घेण्याजोगे वाङ्मय देशी भाषांत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. न्यायमूर्ती रानडे याविरुद्ध दीर्घकाळ झगडले. मराठी ग्रंथरचना किती वाढली आहे हे दाखवणारे टिपण त्यांनी १८९८ मध्ये लिहिले, आणि १९०१ च्या सुमारास एम. ए.च्या परीक्षेत मराठीला पुन्हा प्रवेश मिळाला. मधला काळ जवळजवळ चार दशकांचा. आगगाडी ठाण्याला १८५३ मध्ये आली आणि कल्याणला १८५४ मध्ये. म्हणजे कल्याणचा हुशार मुलगा मुंबईला जाऊन पदवी मिळवू शकत होता, पण नीट मराठी लिहायला त्याला शिकवण्याची जबाबदारी त्या पदवीने घेतलेली नव्हती. गावातच कॉलेज व्हायला तर आणखी बराच काळ जावा लागला. ठाण्याचे बेडेकर महाविद्यालय १९६९ चे आणि कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. तोवरचे मराठी लेखन पोसले ते शाळामास्तरांनी, संपादकांनी आणि वाचनालयांच्या चिटणीसांनी.

अधिकाराच्या जोरावर लेखन सुधारण्याचा प्रयोगही त्या काळात झाला होता. मेजर थॉमस कँडी हे त्याचे ठळक उदाहरण. मोल्सवर्थच्या कोशात त्यांचा मोठा वाटा होता. विरामचिन्हांवर त्यांनी १८५० साली पुस्तक लिहिले, आणि पूर्णविराम, स्वल्पविराम आज आपण बिनदिक्कत वापरतो त्याचे बरेचसे श्रेय त्यांना जाते. पण सरकारी शालेय पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात असत, आणि तिथे लेखकाला त्यांच्याशी हुज्जत घालायला फारशी जागा नव्हती. त्यातून शुद्ध पण इंग्रजी वळणाची, मुद्दाम घोटलेली अशी एक मराठी तयार झाली आणि पुढच्या पिढीने तिला नावे ठेवली. कँडींची विद्वत्ता कमी होती असे नाही. तपासनीस आणि मार्गदर्शक या दोन भूमिका एकाच खुर्चीत बसल्या की लिहिणारा मनातला प्रश्न विचारत नाही, साहेबांना काय चालेल याचा अंदाज बांधतो. लेखनकेंद्राच्या प्रमुखाला गुणदानापासून दूर का ठेवतात, याचे उत्तर मराठीच्या इतिहासात इतक्या जुन्या काळीच मिळते.

याच काळात ठाणे जिल्ह्यात दुसरी वाट तयार होत होती. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. काशिनाथ विष्णू फडके यांनी ठाण्यात ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र काढले ते १८६६ मध्ये. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. केवळ मराठी ग्रंथ जमवण्यासाठी निघालेली ही आद्य संस्था. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी निघाले. ठाण्याच्या संस्थेचे एक प्रमुख संस्थापक विनायक लक्ष्मण भावे तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पनवेलजवळच्या पळस्प्याचा जन्म, शिक्षण विज्ञानाचे, व्यवसाय मिठाचा, आणि विद्यापीठात कोणतेही पद नाही. अशा माणसाचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ १८९८ च्या सुमारास विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून बाहेर आले. मराठी वाङ्मय पुरेसे आहे की नाही याचा वाद विद्यापीठात अजून मिटायचा होता आणि इकडे ठाण्यातला एक तरुण त्याच वाङ्मयाचा इतिहास लिहीत होता.

भाव्यांचे काम जवळून पाहिले की त्याचा लेखनाशी संबंध लक्षात येतो. जुनी पोथी म्हणजे सलग ओळी. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ओवी कुठे संपली हे दंडावरून ओळखायचे. एका प्रतीत एक शब्द, दुसरीत दुसरा. कोणता कवीचा आणि कोणता नकल उतरवणाऱ्याच्या डुलकीचा, हे ठरवताना प्रत्येक अक्षराला जाब विचारावा लागतो. १९०३ पासून काही वर्षे भाव्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ हे नियतकालिक चालवले आणि अशी जुनी कविता त्यातून छापली. पुढे महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचा उलगडा झाला आणि मराठीचा आरंभकाळच नव्याने पाहावा लागला. भाव्यांनी आपला ग्रंथ पुन्हा लिहायला घेतला. १९१९ ची आवृत्ती आधीपेक्षा कितीतरी विस्तारलेली आहे. छापून झालेले, नावाजलेले पुस्तक मोडून पुन्हा बांधणे हाच लेखनाचा खरा धडा, आणि तो त्यांनी स्वतःच्या पुस्तकावर गिरवून दाखवला.

कल्याणची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच अधिक शिकवणारी. रावबहादूर काशिनाथ नारायण साने यांचे उत्तरायुष्य कल्याणात गेले. ते शिक्षणखात्यातले बडे अधिकारी होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साथीने १८७८ मध्ये त्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू केले. सभासदाच्या बखरीसारखे ग्रंथ प्रती ताडून, टिपा देऊन छापण्याची शिस्त त्यातून मराठीत रुजली. याच सान्यांनी गोडबोले आणि हातवळणे यांच्यासह शुद्धलेखन सुधारण्याचा प्रस्ताव मांडला. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ अशा शब्दांवरचे उच्चारात न येणारे अनुस्वार काढावेत, हा त्यातला कळीचा मुद्दा. विरोध जोरदार झाला. १९०४ मध्ये टिळकांनी ‘केसरी’त या प्रश्नावर अग्रलेख लिहिले आणि प्रश्न दशकानुदशके भिजत पडला. अखेर मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुस्वार काढून टाकले. सान्यांचे म्हणणे तर्काला धरून होते आणि हाती अधिकारही होता, तरी लिहिणाऱ्यांनी ते लगेच मानले नाही. उलट संपादनाची जी पद्धत त्यांनी कोणावर न लादता नुसती करून दाखवली, ती पुढच्या संशोधकांनी आपणहून उचलली. माणूस एकच, काळही तोच. फरक पडला तो हुकूम आणि उदाहरण यांत.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ग्रंथसंग्रहालय आणि लेखनकेंद्र यांची गल्लत होते आहे. एक वाचकासाठी असते, दुसरे लेखकासाठी. आजच्या विभागणीत हे खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र मराठीत लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण ही होती, की आपल्याआधी कोणी काय लिहिले हेच त्याला ठाऊक नसायचे. नमुने हाती देणे हीच त्या वेळची सर्वांत मोठी मदत होती. खर्डा समोर घेऊन लिहिणाऱ्याशी बोलण्याचे काम संपादक करत. त्याची रीतसर व्यवस्था नव्हती आणि नोंदही फारशी राहिली नाही, ही उणीव मान्य करायला हवी. दुसरा आक्षेप अधिकाराचा. १९६२ चे नियम टिकले ते शासनाने आणि पाठ्यपुस्तकांनी स्वीकारले म्हणूनच ना? होय. पण ते बनले साहित्यसंस्थांच्या चर्चेतून, आणि तोवर कित्येक लेखकांनी ते अनुस्वार देणे सोडूनही दिले होते. शिक्का शेवटी उमटला. आधी पटवून देण्याचे काम झाले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ही सारी मंडळी कोण होती? शिकलेल्या, बहुतांशी ब्राह्मण घरांतली, आपापसांत ओळख असलेली. जिल्ह्यातल्या आगरी, कोळी, आदिवासी घरांतल्या मुलांना त्या वाचनालयांच्या टेबलापर्यंत वाट नव्हती. हौसेवर आणि ओळखीवर चालणारी व्यवस्था कितीही उदार असली तरी तिचा परीघ लहान राहतो. शिवाय तिला वारसाची हमी नसते. ‘महाराष्ट्र सारस्वता’ला पुढे पुरवणी जोडली ती शं. गो. तुळपुळे या प्राध्यापकाने, म्हणजे विद्यापीठातल्या माणसाने. हा आक्षेप खोडण्याऐवजी मी तो माझ्या निष्कर्षातच घेतो. पगारी पद, ठरलेली वेळ, सर्वांना खुले दार, या गोष्टी विद्यापीठच देऊ शकते. आता काळही बदलला आहे. २०१७ चे नव्वदावे साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, तेव्हा यजमान संस्था होती आगरी युथ फोरम. लिहिणाऱ्यांचा परीघ रुंदावला आहे. त्यांच्या खर्ड्यांकडे लक्ष देणारी व्यवस्था मात्र अजून तुटपुंजी आहे, आणि पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या घरातल्या मुलाला तिची गरज सर्वांत जास्त असते, कारण खर्डा वाचून दाखवायला त्याच्या घरी कोणी नसते.

तेव्हा उद्या ठाणे-कल्याणच्या एखाद्या महाविद्यालयाने लेखनकेंद्र काढायचे ठरवले, तर त्याचा प्रमुख निवडताना परदेशी नमुन्याइतकाच घरचा इतिहासही पाहावा. त्या व्यक्तीने स्वतः लिहिलेले, आणि लिहिलेले मोडून पुन्हा बांधलेले असावे. तिचा पगार नियमित असावा आणि तिचा दर्जा विभागप्रमुखाहून कमी नसावा. अमेरिकेतही या पदाची कुचंबणा झाली ती ते दुय्यम मानले गेल्यामुळेच. विद्यापीठाने तिला सगळे द्यावे, फक्त अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तिच्या हाती देऊ नयेत. गुण तिच्या हाती गेले की विद्यार्थी पुन्हा साहेबांना काय चालेल याचाच अंदाज बांधू लागेल, आणि मग नव्या पाटीखाली कँडींचेच जुने कार्यालय सुरू होईल.