न गोठणारं पाणी

1917 सालच्या जानेवारीचा पहिला आठवडा. तुम्ही रशियाच्या उत्तरेकडच्या कोला खाडीच्या काठावर उभे आहात. दुपारचे बारा वाजलेत, तरी आभाळात दिवेलागणीचा निळसर उजेड आहे. डिसेंबरच्या आरंभी मावळलेला सूर्य अजून उगवलेलाच नाही. तुमच्या मागे लाकडी बराकी, ओंडक्यांचे ढीग आणि गोठून दगड झालेला चिखल. हे गाव वसून जेमतेम तीन महिने झालेत. आज त्याचं नाव रोमानोव-ना-मुर्मान्ये. थोड्याच दिवसांत झारचं राज्य जाईल आणि लोक त्याला मुर्मान्स्क म्हणू लागतील.

श्वास मफलरवरच गोठतो आहे. आता समोर पाहा. खाडीचं पाणी काळं आहे, हलतं आहे, आणि बंबातून काढलेल्या पाण्यावरून निघावी तशी त्यावरून वाफ निघते आहे. हात बुडवलात तर बोटं बधिर होतील. वाफ दिसते ती हवा पाण्याहून कितीतरी थंड आहे म्हणून.

या पाण्यासाठीच गाव वसवलं आहे. महायुद्धात रशियाची बाल्टिकची वाट जर्मनीने अडवली, काळ्या समुद्राची तुर्कस्तानने. युरोपच्या बाजूला उरलं आर्खान्गेल्स्क बंदर. ते इथून साडेचार अंश दक्षिणेला, तरीही तिथला श्वेत समुद्र हिवाळ्यात गोठतो. म्हणून दलदलीतून इथवर रेल्वे आणली गेली. ती बांधायला युद्धकैदी राबवले आणि त्यांतले कितीतरी मेले. उत्तरेकडचं हे बंदर उघडं आणि दक्षिणेकडचं बंद, हे नकाशा पाहून कुणालाही पटणार नाही.

या वाफेचा माग काढायचा तर हे पाणी आणणाऱ्या प्रवाहाच्या उलट जायला हवं, आणि काळाच्याही.

1768, लंडन. तुम्ही बेंजामिन फ्रँकलिनच्या टेबलाशी आहात. अमेरिकेतल्या वसाहतींचं टपाल त्याच्याकडे आहे, आणि टपालाची जहाजं व्यापारी जहाजांपेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा का पोचतात, ही तक्रारही त्याच्याकडेच आली आहे. उत्तर देतो त्याचा नातलग टिमथी फोल्जर, नॅन्टकेटचा दर्यावर्दी. तिथले देवमासे पकडणारे समुद्रातला एक जोरकस प्रवाह ओळखून असतात. टपालाचे कप्तान नेमके त्याच्या तोंडावर जहाज घालतात, आणि साध्या मासेमाऱ्याने सांगितलेलं त्यांना ऐकायचं नसतं. फोल्जर नकाशावर तो प्रवाह रेखाटून देतो. 1775 मध्ये घरी परतताना फ्रँकलिन स्वतः समुद्राचं तापमान मोजत जातो, आणि प्रवाहातलं पाणी आजूबाजूच्या पाण्याहून गरम भरतं.

हा गल्फ स्ट्रीम. फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून दर सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी तो पुढे ढकलतो. त्याच्या फाट्यांचं ऊबदार पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने वर सरकत बॅरेन्ट्स समुद्रात शिरतं आणि मुर्मान्स्कपर्यंत पोचतं. पण सगळं श्रेय एकट्या प्रवाहाला देऊन थांबणं मला मान्य नाही. शाळेत आम्ही तेवढंच शिकलो. उन्हाळ्यातलं ऊन समुद्र पोटात साठवतो आणि हिवाळाभर सावकाश सोडतो. डिसेंबरात नागपूर कुडकुडतं तेव्हा मुंबईला पंखा लागतो, तो याच समुद्रामुळे. ती ऊब युरोपात वाहून नेतात पश्चिमेचे वारे. हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेतले रॉकी पर्वत या वाऱ्यांना वळण देतात, त्यामुळे युरोपवर ते नैर्ऋत्येकडून येतात. मात्र नॉर्वेच्या उत्तर टोकाला समुद्र गोठू न देण्याचं काम प्रवाहाचंच, हे त्यांनीही मान्य केलं.

आता आणखी मागे. 1432 चा जानेवारी, नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांच्या टोकाचं एक निर्मनुष्य बेट. पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याबरोबर तुम्ही क्रीटहून निघालात तेव्हा जहाजावर 68 माणसं होती आणि पिंपं भरून वाइन होती. वादळाने सुकाणू मोडलं, डिसेंबरात जहाज सोडावं लागलं. आता तुम्ही बर्फ चघळता, खडकांवरचे शिंपले खाता. शेजारचा माणूस सकाळी उठत नाही. फेब्रुवारीत रोस्ट बेटावरचे कोळी तुम्हाला शोधतात तेव्हा अकराजण उरलेले असतात.

पण अकराजण उरलेच कसे, हे मला पुन्हा पुन्हा विचारावंसं वाटतं. याच अक्षांशावर पूर्वेला सैबेरियातलं वेर्खोयान्स्क आहे. तिथली जानेवारीची सरासरी उणे 45 अंशांच्या आसपास. रोस्टची शून्याच्या जवळ. वेर्खोयान्स्कला असे उघड्यावर पडला असतात तर एक रात्रही निघाली नसती.

कोळी तुम्हाला घरी नेतात. अंगणात कॉड मासे टांगलेले आहेत, ना मीठ ना धूर, नुसत्या वाऱ्यावर. वर्सोव्याला बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील पाहिले असतील तर हे दृश्य परकं वाटणार नाही. फक्त इथे उन्हाचं काम थंडी करते. तीही बेताचीच. फार कडाका पडला तर गोठून माशाचं मांस फुटतं, हवा तापली तर माश्या बसतात आणि सडतं. मधल्या त्या थोड्याशा अंशांवर या बेटाचं पोट चालतं. ते अंश समुद्राने आणून दिले आहेत, हे इथे कुणाला सांगता येणार नाही; मासा कधी टांगायचा आणि कधी उतरवायचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

घरातली बाई लाकडासारखा कडक झालेला मासा कुटून मऊ करते, त्यात लोणी घालते आणि तुमच्या हातात देते. क्वेरिनी हे सगळं पुढे लिहून ठेवील. तुम्ही आधी खा. मेमध्ये, रात्र संपून नुसती संध्याकाळ उरली असेल तेव्हा, हेच मासे भरलेल्या होडीतून तुम्हाला दक्षिणेकडे निघायचं आहे.