डालग्यापासून जाळ्यापर्यंत

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण कशाखाली झाकायचं ते सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते ठाऊकच होतं. डालगं म्हणजे बांबूच्या कामट्यांची विरळ विणीची मोठी टोपली. ती उपडी घातली की आत खुडूक उतरलेली कोंबडी आणि पिल्लं, बाहेर घार नि कावळा. ऊन सरकलं की डालगंही सावलीकडे सरकवायचं. हलत्या कुंपणाची कुळकथा सांगणारे बहुधा अमेरिकेपासून सुरुवात करतात. त्यांनी आधी आपलं अंगण बघावं.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की राई आणि मोर्व्याच्या शेजारी मुर्धा लागतं. गाव आगरी, भोवती मिठागरं, खाजण आणि तिवरं. मुंबईच्या आसपासच्या कांदळवनात सोनेरी कोल्हा आजही आहे, मुंगूस तर परसातलाच. इतक्या शेजाऱ्यांपुढे एक टोपली कुठवर पुरणार? पिल्लं मोठी झाली की त्यांना उकरायला जागा लागते, आणि काट्याकुट्यांची वई उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

ती अडचण समुद्राने सोडवली. किनाऱ्यावरच्या उत्तनची मासेमारी डोलीची, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची. पूर्वी डोल सुताची आणि तागाची असे. ती कुजायची, जीर्ण झाली की कुंपणालाही निरुपयोगी. 1960नंतर नायलॉन आलं. मासळीसाठी बाद झालेलं जाळंही आता पावसात टिकू लागलं, आणि किनाऱ्यावरच्या गावांत ते वाडीभोवती, कोंबड्यांभोवती चढलं. चार मेढी काढल्या, दुसरीकडे रोवल्या, की कुंपण हललं. फक्त डोलीच्या तोंडाकडचे मोठे आस (जाळ्याची भोकं) घेऊ नयेत, पिल्लू सरळ बाहेर पडतं. खोल्याकडचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा बारीक भाग घ्यावा.

तिकडे न्यूझीलंडमध्ये बिल गॅलाघर यांनी 1930च्या दशकात विजेच्या कुंपणाचं यंत्र बनवलं, ते गुराघोड्यांसाठी. पुढे त्याच तत्त्वावर कोंबड्यांची जाळी आली: प्लॅस्टिकच्या दोऱ्यात बारीक तारा गुंफलेल्या, साधारण सेकंदाला एक झटका. पिसं वीज अडवतात, म्हणून कोंबडीला धडा मिळतो तो चोचीला नाहीतर तुऱ्याला. अमेरिकेत व्हर्जिनियाचे शेतकरी जोएल सॅलटिन कोंबड्यांचे बिनबुडाचे पिंजरे रोज पुढे ढकलत. या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक 1993चं. त्यांची खरी भर रोज हलवण्यात आहे: कोंबड्यांना ताजं गवत मिळतं, विष्ठा एका जागी साचत नाही, जमिनीला खत मिळतं. आपण डालगं हलवलं ते सावलीसाठी; जमिनीचा विचार त्यात नव्हता, हे मान्य करायला हवं.

मासेमारीचं साधं जाळं लावणाऱ्यांनी एवढं करावं. खालची कड मातीत पुरावी, मुंगूस तिथूनच शिरतं. सैल जाळ्यात पाय अडकतो, म्हणून ते ताणून बांधावं. आणि दिवे लागायच्या आत कोंबड्या खुराड्यात घालाव्यात. रात्रीच्या राखणीला साधं जाळं पुरत नाही.