रासायनिक अभियंता घडविणारा अभ्यासक्रम

प्रयोगशाळेतील चंचुपात्रात शंभर ग्रॅम पदार्थ तयार करणे हे रसायनशास्त्रज्ञाचे काम. तोच पदार्थ रोज दहा टन, ठरलेल्या दर्जाचा, परवडणाऱ्या खर्चात आणि कोणाच्याही जिवाला धोका न पोचता तयार करणे हे रासायनिक अभियंत्याचे. चंचुपात्रातील उष्णता काचेतून सहज बाहेर पडते. पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये मात्र ती साठत जाते, कारण आकारमान ज्या प्रमाणात वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही. हा फरक विद्यार्थ्याच्या अंगी मुरविणे हे अभ्यासक्रमाचे पहिले काम होय.

या शाखेचे शिक्षण आरंभापासूनच उद्योगाच्या गरजेतून घडले. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये मँचेस्टर येथे व्याख्याने दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीने स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. परंतु खरे वळण १९१५ मध्ये आले. साबण, साखर, आम्ल अशा प्रत्येक उद्योगाचे तंत्र वेगवेगळे शिकविण्याऐवजी सर्वांत समान असणाऱ्या ऊर्ध्वपातन, गाळण, शुष्कीकरण, स्फटिकीकरण या क्रिया शिकवाव्यात, अशी मांडणी आर्थर लिटल यांनी केली. याच त्या ‘युनिट ऑपरेशन्स’. साखर कारखान्यातील अभियंता औषधनिर्मितीत जाऊ शकतो, तो या मांडणीमुळेच. १९१६ मध्ये एमआयटीने ‘प्रॅक्टिस स्कूल’ही काढले. त्यात विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकही कारखान्यात मुक्कामाला जात.

१९६० मध्ये बर्ड, स्टुअर्ट आणि लाइटफूट यांचे ‘ट्रान्सपोर्ट फिनॉमिना’ प्रसिद्ध झाले आणि या विषयाचा गणिती पाया पक्का झाला. हे आवश्यकच होते. मात्र तासांची संख्या मर्यादित असल्याने समीकरणे वाढली की कारखाना मागे पडतो. अवकल समीकरण सहज सोडविणारा, पण चालता पंप कधी उघडून न पाहिलेला पदवीधर हे आपल्याकडचेही परिचित चित्र आहे.

सुरक्षेच्या बाबतीत या उणिवेची किंमत फार मोठी ठरते. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८५ मध्ये अमेरिकेतील रासायनिक अभियंत्यांच्या संस्थेने प्रक्रिया सुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्र स्थापन केले. पण पदवीच्या वर्गात हा विषय बहुतांशी ऐच्छिकच राहिला. १९ डिसेंबर २००७ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे ‘टी-टू लॅबोरेटरीज’ या लहान कंपनीत रिअॅक्टरचा स्फोट होऊन चौघे मृत्युमुखी पडले. शीतकरण यंत्रणा बंद पडली, पर्यायी व्यवस्था नव्हती आणि अभिक्रिया हाताबाहेर गेली. मृतांत कंपनीचा एक मालक होता. तो स्वतः रासायनिक अभियंता होता. चौकशी करणाऱ्या ‘केमिकल सेफ्टी बोर्ड’ने २००९ च्या अहवालात थेट अभ्यासक्रमाकडे बोट दाखविले : अशा अभिक्रियांचे धोके पदवी स्तरावर शिकविले जावेत. त्यानंतर अमेरिकेतील अधिस्वीकृतीच्या निकषांत प्रक्रियांतील धोक्यांचा स्पष्ट उल्लेख आला. तापमान का वाढते हे प्रत्येक विद्यार्थी शिकतो. वीज गेली आणि पाणी थांबले तर ते किती मिनिटांत वाढेल, हे गणितही त्याच्याकडून करवून घ्यायला हवे.

आपल्याकडे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुने यूडीसीटी, सुरू झाला. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालेली आजची आयसीटी ती हीच. तेथील ‘होम पेपर’ अनेक पिढ्यांच्या आठवणीत आहे. त्यात एका उत्पादनाचा संपूर्ण कारखाना कागदावर उभा करायचा : वस्तुमान व ऊर्जेचा ताळेबंद, उपकरणांची रचना, शेवटी खर्च. असा प्रकल्प मन लावून केलेला विद्यार्थी मुलाखतीत वेगळा उठून दिसतो. पिलानीच्या बिट्सने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’ राबविले असून त्याचा दुसरा टप्पा साडेपाच महिन्यांचा असतो. आयसीटीच्या जालना केंद्रात २०१८ पासून पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात उद्योगातील प्रशिक्षण गुंफलेले आहे. चार आठवड्यांच्या उन्हाळी ‘ट्रेनिंग’चे प्रमाणपत्र आणि हे अनुभव यांत अर्थातच महदंतर आहे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. क्रमिक पुस्तकांतील उदाहरणे बहुधा अखंड चालणाऱ्या, तेलशुद्धीकरणासारख्या प्रकल्पांची असतात. तारापूर, रोहा, लोटे-परशुराम किंवा कुरकुंभ येथील वसाहतींत मात्र रंगद्रव्ये, औषधी घटक व विशेष रसायने यांचे ‘बॅच’ पद्धतीचे कारखाने मोठ्या संख्येने आहेत. तेथे एकाच रिअॅक्टरमध्ये आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरे उत्पादन निघते. त्यामुळे स्वच्छता, वेळापत्रक, द्रावकाची पुनर्प्राप्ती आणि सांडपाणी हे तेथील रोजचे प्रश्न असतात. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरइतकेच या प्रश्नांना अभ्यासक्रमात स्थान हवे.

प्रवेश घेताना नियुक्तीच्या सरासरी पगाराबरोबरच महाविद्यालयाला काही प्रश्न विचारावेत. प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातन स्तंभ विद्यार्थी स्वतः चालवतात काय? प्रक्रिया सुरक्षा हा विषय अनिवार्य आहे की ऐच्छिक? ‘हॅझॉप’चा अभ्यास प्रत्यक्ष आराखड्यावर करवून घेतला जातो काय? अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे परीक्षण करण्यासाठी उद्योगातील अभियंते येतात काय? आणि शक्य झाल्यास, गेल्या वर्षीचा एखादा प्रकल्प अहवाल पाहायला मागावा.