‘करावे’ची कुळकथा

वाळूज औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरात एखाद्या सोसायटीच्या फाटकावर ‘वाहने बाहेर लावावीत’ अशी पाटी असली, तर तिच्या क्रियापदापाशी कुणी थबकत नाही. शाळेत त्याला विध्यर्थ म्हणतात. लॅटिन शिकणारा मराठी माणूसही तिथल्या ‘अमेत्’चा अर्थ ‘त्याने प्रेम करावे’ असाच लावतो. काम सारखे, म्हणून कूळही एक, असे मात्र नाही. लॅटिनमध्ये रूप घडते ते क्रियापदाच्या पोटातला स्वर पालटून : ‘अमत्’चे ‘अमेत्’, ‘रेगित्’चे ‘रेगत्’. ‘असावे’साठीचे ‘सित्’ जुना रोमन नाटककार प्लॉटस याच्या नाटकांत अजून ‘सिएत्’ आहे, आणि ते संस्कृत ‘स्यात्’चे सख्खे भावंड. गंमत म्हणजे वेदांतला लेट्, म्हणजे ‘असति’सारखी रूपे, लॅटिनमध्ये ‘एरित्’ होऊन भविष्यकाळात जाऊन बसला.

मराठीने ‘स्यात्’, ‘पठेत्’ यांची ओळ टाकून दिली आणि ‘तव्य’ धरला. ‘कर्तव्य’मधला तोच तव्य; प्राकृतात त्याचा ‘अव्व’ झाला आणि मराठीत ‘आवा’. कुणी म्हणेल, ‘भवेत्’मधल्या ‘वे’शी ‘करावे’चे नाते का नसावे? कारण ‘पठेत्’ला लिंग नाही, सः आणि सा दोघांनाही तेच चालते. मराठीत मात्र फलक लावावा, पाटी लावावी, वाहन लावावे. ही चाल धातुसाधित विशेषणाची आहे. करणाऱ्याला ‘ने’ लागतो तोही त्यामुळेच. ‘त्याने जावे’मध्ये कर्म नाही हा आक्षेपही टिकत नाही, कारण संस्कृतातही ‘तेन गन्तव्यम्’ असे नपुंसकच येते. ‘पाऊस पडावा’मध्ये ‘ने’ नाही हे खरे, पण सर म्हटली की ‘पडावी’ होतेच. उरला प्रश्न ‘तू जावेस’मधल्या ‘स’चा. हा पुरुषप्रत्यय मागाहून चिकटला. ‘तू गेलास’मध्येही तो आहे, आणि ‘गेला’ हेही मुळात विशेषणच. पाटीवरच्या ‘लावावीत’चा ‘त’ असाच वरून आलेला.

तेव्हा ‘करावे’चा लॅटिन जोडीदार ‘अमेत्’च्या घरात शोधून सापडणार नाही. रोमन मुत्सद्दी केटोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या, कार्थेज नष्ट करण्याच्या वाक्यात ‘देलेन्दा’ हा शब्द आहे. कार्थेज स्त्रीलिंगी, म्हणून तोही स्त्रीलिंगी. हे रूप तव्यापासून निघालेले नाही, पण त्याची वागणूक हुबेहूब ‘पाटी लावावी’ची आहे.