कंत्राटातली अट

अमेरिकेतल्या ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’चा विषय निघाला की आपण ‘तिथलं आरक्षण’ म्हणून मोकळे होतो. पण दोघांचं कूळ वेगळं. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या, तोही हुकूमच होता. पुढे मात्र आरक्षणाला राज्यघटनेत जागा मिळाली. अमेरिकेत नोकऱ्यांपुरतं हे धोरण वाढलं ते राष्ट्राध्यक्षांच्या सहीवर आणि सरकारी कंत्राटातली एक अट म्हणून.

मूळ सापडतं १९४१ मध्ये. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कामाचा पूर आला होता, पण कृष्णवर्णीयांना तिथे दारातूनच परत पाठवत. रेल्वेच्या शयनयानांत राबणाऱ्या पोर्टरांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर लाखाचा मोर्चा आणण्याची धमकी दिली. तारीख ठरली १ जुलै. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जूनला हुकूम काढला: संरक्षण उद्योगांत वर्ण पाहून कामगार नाकारायचा नाही. मोर्चा रद्द झाला. हुकूम राबवणारी समिती मात्र १९४६ पर्यंतच टिकली. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तिचा पैसा तोडला.

‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ हे शब्द हुकुमांच्या या मालिकेत आले केनेडींच्या ६ मार्च १९६१ च्या हुकुमात. कंत्राटदाराने खास पावलं उचलायची, पण कशासाठी? तर उमेदवाराला वर्ण न पाहता वागवलं जावं यासाठी. वर्ण पाहायचा नाही आणि वर्णामुळे मागे राहिलेल्यांसाठी काहीतरी करायचंही. पुढचं सगळं भांडण याच एका वाक्यात बसलेलं होतं. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये ११२४६ क्रमांकाचा हुकूम काढून ही अट पक्की केली, १९६७ मध्ये त्यात स्त्रियाही आल्या.

अटीला आकडे चिकटवले ते निक्सननी. हे अनेकांना खरं वाटत नाही. फिलाडेल्फियात लोखंडकाम, प्लंबिंग, वीजजोडणीच्या युनियन जवळजवळ पूर्ण गोऱ्या होत्या आणि युनियनच्या कार्डाशिवाय काम नाही. कामगार खात्यातले कृष्णवर्णीय रिपब्लिकन अधिकारी आर्थर फ्लेचर यांनी १९६९ मध्ये ठरवलं, की पाच लाख डॉलरवरच्या सरकारी बांधकामाची निविदा भरताना किती अल्पसंख्य कामगार घेणार ते लिहून द्यायचं. लोखंडकामात १९७० ला ५ ते ९ टक्के, १९७३ पर्यंत २२ ते २६. सरकारचे मुख्य हिशेबनीस म्हणाले, हा कोटा आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध आहे. ॲटर्नी जनरल म्हणाले, हे नुसतं उद्दिष्ट आहे. कोर्टाने १९७१ मध्ये योजना उचलून धरली. निक्सनचा हेतू स्वच्छ होता असं मानायचं कारण नाही: युनियन आणि कृष्णवर्णीय, दोघेही डेमोक्रॅट पक्षाचे मतदार, ते आपसांत झुंजले तर हवंच होतं.

रेगन यांच्या काळात ॲटर्नी जनरल मीझ यांना जॉन्सन यांचा हुकूम सैल करायचा होता, पण मंत्रिमंडळातच फूट पडली. बड्या कंपन्यांनाही एव्हाना त्याची सवय झाली होती. हुकूम तसाच राहिला.

२१ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी एका सहीत ११२४६ रद्द केला. अपंग आणि माजी सैनिकांसाठीच्या तशाच तरतुदी वाचल्या, कारण त्या काँग्रेसने कायद्यात घातल्या होत्या. हत्यार मात्र ट्रम्प यांनी जुनंच वापरलं: बेकायदा ठरतील असे विविधता-कार्यक्रम आपण चालवत नाही, असं कंत्राटदाराने लिहून द्यायची अट ११२४६ रद्द करणाऱ्या त्याच हुकुमात आहे.